वादळाआधीची वर्दी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली हे गाव आहे. एका अंगास अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदी, अशा दोन पाण्यांच्या मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी देवबागच्या संगमापर्यंत गेलेली आहे. माडांच्या राया, शुभ्र वाळू आणि नितळ पाणी यांमुळे दूरदूरचे प्रवासी येथे येतात. परंतु येथील मच्छीमारांचा समुद्राशी असलेला संबंध केवळ शोभेचा नाही. शेतकऱ्यास जशी जमीन, तसा त्यांना समुद्र. म्हणूनच ‘आज होडी पाण्यात लोटावी की न लोटावी?’ हा प्रश्न त्यांच्या घरी रोजच्या भाकरीचा आणि प्रसंगी प्राणांचाही असतो.

या प्रश्नाचे उत्तर मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या निसर्गातच शोधीत आले. वाऱ्याची दिशा, ढगांचा आकार, लाटांचा आवाज, पाण्याचा रंग यांवरून जाणती माणसे हवेचा अंदाज बांधीत. हे ज्ञान मोलाचे आहे. पण त्याला एक मर्यादा आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास क्षितिजापर्यंतचाच समुद्र दिसतो, आणि ते क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरांवर असते. वादळ मात्र शेकडो किलोमीटर दूर जन्मास येते.

मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळाचेच उदाहरण घ्यावे. १३ मे रोजी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात हवेचा दाब कमी झाला. दुसऱ्या दिवशी लक्षद्वीप बेटांजवळ त्याचे वादळात रूपांतर होऊ लागले. त्या वेळी ते तारकर्लीपासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर होते. १६ मे रोजी ते कोकण किनाऱ्यास समांतर असे उत्तरेकडे सरकले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात घरांची छपरे उडाली, झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब आडवे झाले. १७ मेच्या रात्री ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. किनाऱ्यावरून वादळ दिसू लागेपर्यंत थांबले असते, तर दूर समुद्रात गेलेल्या होड्यांना परतावयास वेळच उरला नसता. परंतु वादळाचे पाऊल कोकणात पडण्यापूर्वीच मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परत फिरावे, अशी वर्दी गावोगावी पोहोचली होती. वेळ किती मोलाचा असतो, हे कोकणाने त्याआधी २००९ मध्येही अनुभवले होते. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला ‘फयान’ चक्रीवादळ आले, तेव्हा समुद्रात गेलेले अनेक मच्छीमार घरी परतलेच नाहीत.

डोळ्यांना न दिसणाऱ्या वादळाची वर्दी किनाऱ्यावर येते तरी कशी? बंदरावर लागणारा तीन नंबरचा बावटा किंवा मोबाइलवर येणारा दोन ओळींचा संदेश पाहून काम किती सोपे वाटते! पण त्या दोन ओळींच्या मागे कोट्यवधी नोंदी गोळा करणारी, त्यांचे गणित मांडणारी व उत्तर वेळेवर पोहोचविणारी एक प्रचंड संगणक-यंत्रणा उभी असते. ती कशी रचलेली असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

या यंत्रणेचे पहिले काम नोंदी गोळा करणे हे होय. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेले भारताचे ‘इन्सॅट’ मालिकेतील उपग्रह ढगांची चित्रे दिवसरात्र पाठवीत असतात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने खोल समुद्रात नांगरून ठेवलेले बोये वारा, लाटा आणि पाण्याचे तापमान कळवितात. ‘आर्गो’ नावाची तरंगती यंत्रे साधारणतः दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपर्यंत जाऊन वर येतात आणि समुद्राच्या पोटातील उष्णतेची बातमी आणतात. जगातील सर्व समुद्रांत मिळून अशी सुमारे चार हजार यंत्रे फिरत आहेत. यांखेरीज किनाऱ्यावरची रडारे, जहाजे, विमाने आणि गावोगावच्या वेधशाळा आहेतच.

परंतु नुसते आकडे गोळा करून भागत नाही. ‘पाण्याचे तापमान ३०’ एवढेच कोणी कळविले, तर त्याचा उपयोग काय? कोठले पाणी, कोणत्या वेळी, किती खोलीवर आणि कोणत्या यंत्राने मोजलेले, हे त्या नोंदीबरोबर असलेच पाहिजे. त्यातही वेळेचा प्रश्न नाजूक आहे. तारकर्लीस सकाळचे साडेपाच वाजतात, तेव्हा इंग्लंडमधील ग्रीनिच येथील प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र असते. प्रत्येकाने आपापल्या घड्याळाची वेळ लिहिली, तर आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते याचा मेळच बसणार नाही. म्हणून जगभरच्या हवामानाच्या नोंदी एकाच प्रमाणवेळेने लिहिल्या जातात.

नोंदींत चुकाही असतात. एखाद्या बोयातील उपकरण बिघडते आणि समुद्राचे पाणी उकळू लागल्याचे कळविते! तेव्हा प्रत्येक नवी नोंद शेजारच्या नोंदींशी आणि आधीच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. संशयास्पद नोंद गणितातून बाजूला ठेवली जाते. परंतु ती खोडून टाकली जात नाही. कारण आज चूक वाटलेली नोंद उद्या खरी ठरू शकते. मूळ नोंद जपलेली असली, की तिच्यावरून सारा हिशेब पुन्हा मांडता येतो. मूळ नोंद पुसून टाकल्यावर मात्र चूक शोधण्याची वाटच बंद होते.

यानंतरचे काम गणिताचे. आज वारा, दाब आणि उष्णता अशी आहे, तर उद्या ती कशी असेल, हे भौतिकशास्त्राच्या नियमांवरून काढता येते. त्यासाठी सगळ्या वातावरणाचे लहान लहान चौकोनी खण कल्पिले जातात आणि प्रत्येक खणाचा हिशेब मांडला जातो. पृथ्वीचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक खण १२ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद धरला, तर सुमारे ३५ लाख खण होतात. वातावरणाचे एकावर एक असे ६० थर मानले, तर ही संख्या २१ कोटींवर जाते! आणि दर काही मिनिटांनंतरची स्थिती काढीत काढीत पुढच्या कित्येक दिवसांपर्यंत जावयाचे असते.

हे काम एकट्याचे नव्हे, हे प्रथम ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन हे होत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करीत असतानाच, फावल्या वेळात त्यांनी हवेचे गणित कागदावर सोडवून पाहिले. अवघ्या सहा तासांतील बदल काढावयास त्यांना सहा आठवडे लागले, आणि उत्तरही चुकले! तरीही ते निराश झाले नाहीत. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका भव्य दालनाची कल्पना मांडली. त्या दालनाच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगविलेला आहे; ६४,००० गणिती आपापल्या भागासमोर बसून तेवढ्याच भागाचे गणित करीत आहेत; प्रत्येक जण आपले उत्तर शेजाऱ्यास दाखवीत आहे; आणि मध्यभागी उंच मनोऱ्यावर उभा असलेला प्रमुख, पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी व मागे रेंगाळणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकून सर्वांची गती सारखी राखीत आहे.

तारकर्लीच्या मुलांना ही कल्पना अगदीच अपरिचित वाटणार नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात, ती अशीच. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडले जाते आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची पुष्कळ माणसे मिळून ओढतात. एका माणसाच्या बळाने ते जाळे हालणारही नाही. पण माणसे पुष्कळ झाली म्हणून काम आपोआप होते असेही नाही. एका बाजूने जोराने ओढले आणि दुसरी बाजू मागे राहिली, तर मासळी निसटते. सर्वांचा ताल एक असावा लागतो.

आज रिचर्डसनच्या गणित्यांची जागा संगणकांनी घेतली आहे. १९५० मध्ये अमेरिकेतील ‘एनियाक’ या संगणकावर हवेचा अंदाज प्रथम यशस्वीपणे काढण्यात आला, तेव्हा चोवीस तासांपुढचा अंदाज काढावयास सुमारे चोवीस तासच लागले. म्हणजे उत्तर आले तेव्हा ‘उद्या’ उजाडून गेला होता! पुढे संगणक वेगवान झाले. पण एकच यंत्र हवे तितके वेगवान करता येत नाही. म्हणून अनेक यंत्रे एकत्र जोडण्याचा मार्ग पुढे आला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर उभारला. २०१८ मध्ये पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक हवामानाच्या कामासाठी सिद्ध झाले. ‘अर्क’ एका सेकंदास सुमारे ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे एकावर पंधरा शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येच्या पावणेबारा पट गणिते करू शकतो. परंतु तोही एक अजस्र मेंदू नसून, एकमेकांशी जोडलेल्या असंख्य लहान गणकांचा समुदायच आहे.

एवढी शक्ती हवी कशाला? याचे उत्तर सोप्या गणिताने मिळते. १२ किलोमीटरांचा खण ६ किलोमीटरांचा केला, तर लांबीत दोन आणि रुंदीत दोन मिळून एका खणाचे चार खण होतात. खण लहान झाला, की दोन हिशेबांमधील वेळही निम्मा करावा लागतो. म्हणजे काम चार दुणे आठपट वाढते! मे २०२५ मध्ये भारताने ६ किलोमीटरांच्या खणांवर आधारलेली अंदाजपद्धती सुरू केली. तिच्यामुळे अधिक लहान प्रदेशाचा अंदाज काढणे शक्य झाले. मच्छीमाराला हवे असते तेही हेच. ‘महाराष्ट्रात पाऊस पडेल’ या वाक्याचा त्याला फारसा उपयोग नसतो. आपल्या किनाऱ्यासमोर वारा किती असेल, हे त्याला कळावयास हवे असते.

मोठ्या यंत्रणेची खरी परीक्षा मात्र वेगात नसून बिघाडात असते. समजा, एक भाग सरासरीने हजार दिवसांतून एकदा बिघडतो. असा एकच भाग असेल, तर पावणेतीन वर्षे निर्धास्त राहता येईल. पण असे पाच हजार भाग एकत्र जोडले, तर रोज सरासरी पाच भाग बिघडणारच! म्हणून मोठी यंत्रणा रचणारा ‘काही बिघडणार नाही’ असे मानीत नाही. ‘आज काहीतरी बिघडेलच, तरीही काम पुरे कसे होईल?’ या प्रश्नापासूनच तो आरंभ करतो. चालू गणिताची स्थिती मधून मधून उतरवून ठेवतात, म्हणजे एखादा गणक बंद पडला तरी सारे पहिल्यापासून मांडावे लागत नाही. शेवटच्या खुणेपासून दुसरा गणक ते पुढे नेतो.

नोंदींच्याही एकाहून अधिक प्रती ठेवाव्या लागतात. रिचर्डसन यांच्या हिशेबाची कामाची प्रत १९१७ मध्ये युद्धाच्या धामधुमीत हरवली. काही महिन्यांनंतर ती कोळशाच्या ढिगाखाली सापडली, म्हणून बरे! आजच्या यंत्रणांत महत्त्वाच्या नोंदी निरनिराळ्या यंत्रांत, कित्येकदा निरनिराळ्या गावांतही ठेवलेल्या असतात.

प्रती वाढल्या, की एक नवी अडचण उभी राहते. तीन कारकुनांजवळ एकाच वहीच्या तीन प्रती आहेत, असे समजा. नवी नोंद आली तेव्हा एक कारकून गैरहजर होता. त्याची वही जुनीच राहिली. मग कोणाची वही खरी मानावयाची? यावर एक साधा पण चतुर नियम आहे. नोंद किमान दोन वह्यांत झाल्याशिवाय ती पक्की मानू नये, आणि विचारावयाचे झाल्यास कोणत्याही दोन वह्या पाहाव्या. तीनपैकी दोन वह्यांत लिहिले आणि तीनपैकी दोन वह्या पाहिल्या, तर एक तरी वही दोहोंत सामाईक निघतेच. प्रत्येक नोंदीवर क्रमांक असला, की दोहोंतील नवी कोणती हेही लगेच कळते. जगातील अनेक मोठ्या माहिती-यंत्रणा याच नियमाचा आधार घेतात.

क्रमांकाचे महत्त्व वर्दीच्या बाबतीत तर फारच आहे. ‘समुद्र शांत आहे’ हा कालचा संदेश वाटेत अडकला आणि ‘समुद्रात जाऊ नका’ या आजच्या संदेशानंतर पोहोचला, तर केवढा घोटाळा होईल! म्हणून प्रत्येक संदेशावर तो निघाल्याची वेळ असते. तीच वर्दी दोनदा आली, तर बिघडत नाही. जुनी वर्दी नवी म्हणून आली, तर मात्र अनर्थ ओढवतो.

या साऱ्या खटाटोपावर वेळेचे कडक बंधन असते. अधिक नोंदींची वाट पाहिली, तर अंदाज अधिक चांगला होईल. पण वादळ वाट पाहत नाही. म्हणून ठरलेली वेळ झाली, की आलेल्या नोंदींवरच गणित सुरू होते. तरीची वेळ झाल्यावर मागे राहिलेला उतारू पुढच्या फेरीने जातो, तद्वत उशिरा आलेली नोंद पुढच्या फेरीत घेतली जाते. अचूक पण उशिरा आलेले उत्तर येथे चुकीच्या उत्तराइतकेच निरुपयोगी ठरते.

शेवटचा टप्पा उत्तर लोकांपर्यंत नेण्याचा. १८७५ मध्ये स्थापन झालेला भारतीय हवामानशास्त्र विभाग वादळाचे इशारे देतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटा, वारा आणि प्रवाह यांचे अंदाज देते. मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, हेही ते समुद्राच्या तापमानावरून आणि पाण्याच्या रंगावरून कळविते. एरवी थोडेच लोक हे अंदाज पाहतात. पण वादळाची चाहूल लागताच लाखो लोक एकदम विचारणा करू लागतात. प्रत्येकासाठी उत्तर नव्याने शोधू गेल्यास यंत्रणा गुदमरून जाईल. यास्तव तयार उत्तराच्या प्रती आधीच अनेक ठिकाणी ठेवलेल्या असतात. शिवाय एकाच वाटेवर विसंबून चालत नाही. वादळात वीज जाते आणि मोबाइलचे मनोरेही मुके होतात. तेव्हा आकाशवाणी, बंदरावरचा बावटा, ध्वनिक्षेपक आणि घरोघर जाऊन सांगणारी माणसे या सर्व वाटा उघड्या असाव्या लागतात.

इतके करूनही अंदाज हा अंदाजच असतो. आरंभीच्या नोंदींतील लहानशी उणीव काही दिवसांत मोठी होते. म्हणून शास्त्रज्ञ एकच गणित न मांडता, आरंभीच्या स्थितीत किंचित फरक करून पुष्कळ गणिते मांडतात. बहुतेक उत्तरे एकाच दिशेने गेली, तर विश्वास वाढतो. उत्तरे पांगली, तर सावधपणे बोलावे लागते. या सावधपणालाही मोल आहे. न आलेल्या वादळासाठी होडी बांधून ठेवली, तर त्या दिवसाची कमाई बुडते. असे वारंवार घडले, तर पुढची खरी वर्दीही कोणी मानीत नाही. आणि आलेल्या वादळाची वर्दी मिळाली नाही, तर माणूस जातो.

म्हणून अशा यंत्रणेचा मोठेपणा तिच्या यंत्रांच्या संख्येवरून ठरत नाही. तिचे भाग मोडतात, नोंदी चुकतात, संदेश अडकतात. हे सारे गृहीत धरूनही योग्य शब्द योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचतो की नाही, हीच तिची कसोटी होय. उपग्रहापासून निघालेला आकडा पुण्याच्या महासंगणकातून बंदरापर्यंत येतो; शेवटचा निर्णय मात्र तांडेलाचाच असतो. त्याने वर्दीवर विश्वास ठेवून होडी वाळूवर ओढून घेतली, तरच त्या कोट्यवधी गणितांचे सार्थक होते.